रामसेपट आणि त्यांची देशी-परदेशी भावंडं: खरंच बघण्यासारखे स्वस्तातले भयपट सुचवा

तळघर (धागाकर्ता)

रामसे म्हणजे हिंदीत स्वस्तातले भयपट काढणारं मुंबईचं कुटुंब. त्यांचं नाव घेतलं की लोक आधी हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी एकही रामसेपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला नसतो, असा मला दाट संशय आहे. ‘वीराना’चे दोन तुकडे मीममध्ये पाहिले, झी हॉरर शोचं शीर्षकसंगीत आठवलं, की यांचं रामसे-दर्शन संपलं. म्हणून हा धागा काढतोय. अट एकच. ‘इतका भिकार की मजा येते’ या सदरातले चित्रपट इथे नकोत, त्यांच्यासाठी आंतरजालावर जागा मुबलक आहे. कमी पैशांत केलेला, आणि तरीही रात्री उठून बाथरूमला जाताना पॅसेजचा दिवा लावायला लावणारा चित्रपट सुचवा.

सुरुवात मीच करतो.

फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव झेपेना, म्हणून ते रामसे झाले. फाळणीनंतर मुंबईत येऊन त्यांनी लॅमिंग्टन रोडला पुन्हा दुकान थाटलं आणि चित्रपटात पैसा घालायला लागले. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ आला आणि पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग आहे. थिएटर रिकामं असलं तरी त्या प्रसंगाला आलेली माणसं किंचाळत होती. तुलसी आणि श्याम या मुलांनी ते हेरलं आणि वडिलांना म्हणाले, अख्खा चित्रपटच असा करू.

सात भाऊ. कुमार लिहायचे, तुलसी-श्याम दिग्दर्शन करायचे, कॅमेरा गंगूंकडे, ध्वनी किरणकडे, संकलन अर्जुनकडे, आणि केशू निर्मितीचं बघायचे. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला केला. कलाकार, तंत्रज्ञ आणि घरची मंडळी बसमध्ये घालून नेली, विश्रामगृहात उतरवली, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला. सेट उभारायचा प्रश्नच नव्हता. धुकं महाबळेश्वरचं आणि जुन्या भिंतीही तिथल्याच. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास झाल्याचं सांगतात.

पण एकच बघायचा असेल तर ‘पुराना मंदिर’ (१९८४) बघा. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तरी बघाच. राजाचा लवाजमा वाटेत अडकतो, राजकन्या एका पडक्या वास्तूकडे भरकटते आणि तिथे सामरी नावाचा सैतान असतो. पुढे त्याला पकडून शिक्षा होते ती अशी: मुंडकं छाटून पेटीत बंद करायचं आणि हवेलीत ठेवायचं, धड दूर देवळामागे पुरायचं. मरताना तो राजघराण्याला शाप देतो, की तुमच्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. म्हणजे भूत एकसंध नाहीच. डोकं एकीकडे, धड दुसरीकडे, आणि दोनशे वर्षांनी कुठल्यातरी मूर्खाने ती पेटी उघडायची वाट बघत बसलेलं. प्रेक्षक अडीच तास त्या पेटीवरच डोळा ठेवून असतो. पटकथा म्हणून ही कल्पना मला आजही जबरदस्त वाटते.

सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल (पडद्यावर अजय अग्रवाल) हे रुडकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. उंची सहा फुटांच्या बरीच वर, चेहरा असा की रंगभूषा निमित्तापुरती पुरते. गंगू रामसे त्या चेहऱ्यावर खालून प्रकाश मारतात, मागच्या दिव्याला हिरवा किंवा तांबडा जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावतात, पुढून धूर सोडतात. बस. एवढंच सामान. हेच अग्रवाल ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर म्हणून दिसले, तेव्हा कुठल्याही दिव्याशिवाय भीती वाटली होती.

मराठी माणसासाठी आणखी एक आकर्षण: ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीनंतर वर्षभरातच सदाशिव अमरापूरकर इथे दिसतात.

तुमचे सुचवा.

खविस

धागा बुकमार्क केला आहे. पण अट जाचक आहे. निम्मा खजिना तुम्ही दारातच अडवलात. सविस्तर भांडायला नंतर येतो.

अबोली

मस्त धागा! मला ‘हॉटेल’ (१९८१) आवडतो, त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कब्रस्तानाची जागा लबाडीने लाटून त्यावर हॉटेल उभं करतात आणि मग खालचे वर येतात. नवीन निश्चल, राकेश रोशन, बिंदिया गोस्वामी. पहिला अर्धा भाग निव्वळ जमीन लाटण्याची गोष्ट आहे. कोण कुणाला फसवतंय, कोण कुणाला पैसे चारतंय. मुंबईत राहणाऱ्याला मुडद्यांपेक्षा तो भाग जास्त ओळखीचा वाटेल. बिल्डर मेल्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि ‘और कौन?’ (१९७९) चा नायक आपला सचिन आहे हे किती जणांना माहीत आहे? किशोरकुमारचं ‘हां पहली बार’ त्याच्यावर चित्रित झालंय, संगीत बप्पी लाहिरी. गाणं सगळ्यांना पाठ, चित्रपट रामसेंचा आहे हे कुणाच्या गावी नाही.

शब्दवेडी

रंगाचा भंग करतेय, पण कुणीतरी करायलाच हवा.

‘पुराना मंदिर’चा शाप पुन्हा वाचा. गुन्हा सामरीचा, शिक्षा देणारा राजा, आणि मरतात कोण? त्या घरात लग्न होऊन आलेल्या किंवा जन्मलेल्या बायका. तेही बाळंत होताना. दोनशे वर्षांत ठाकुरांपैकी कुणाच्याही मनात येत नाही की आपण लग्नच करू नये. मूल हवं, वारस हवा, मग बाई मेली तर तो शाप. सिनेमा हे सगळं उपरोधाने दाखवत असता तर मी डोक्यावर घेतला असता. तसं काही नाही. त्याला फक्त बाईला ओल्या कपड्यांत आणि मग पांढऱ्या कपड्यांत दाखवायचंय.

‘वीराना’ (१९८८) तर आणखी गमतीचा. त्यातल्या जास्मिन या नटीच्या भूमिकेचं ‘बंडखोर स्त्री’ म्हणून कौतुक करणारे लेख मी वाचलेत. ती पुरुषांना रस्त्यातून उचलते, घेऊन जाते, संपवते. छान. पण चित्रपटाचं म्हणणं काय आहे? ती हे करते कारण तिच्या अंगात चेटकीण शिरली आहे. बाईला स्वतःहून काही हवंसं वाटू शकतं ही शक्यताच नाही. चेटकीण निघून गेली की पोरगी शहाण्यासारखी मान खाली घालून उभी.

तांत्रिक, गावाबाहेरची माणसं, काळी कातडी म्हणजे वाईट हा हिशोब वेगळाच. तो काढला तर रात्र संपेल.

तळघर

शब्दवेडी, शाप बायकांवर पडतो हे खरं. त्यातून सुटका नाही. पण ‘पुराना मंदिर’मधल्या ठाकूर घराण्याकडे जरा वेगळ्या बाजूने बघा. हे लोक गुन्हा पेटीत घालून कुलूप लावून त्याच हवेलीत ठेवतात. जाळत नाहीत, विसर्जित करत नाहीत, जपतात. रामसेंच्या बहुतेक कथांत मूळ पाप हवेलीवाल्यांच्या घरातच असतं आणि ते शहरात शिकलेल्या पोरांना फेडावं लागतं. ज्या काळात हिंदी चित्रपटांतली हवेली म्हणजे झुंबरं आणि मुजरे होते, त्या काळात हे लोक हवेलीच्या तळघरात जात होते. माझं टोपणनाव उगाच नाही.

‘वीराना’बद्दल तुमचा मुद्दा मान्य, तरी त्यातला सतीश शाह बघण्यासारखा आहे. भयपट काढायला निघालेला आणि स्वतःच घाबरणारा दिग्दर्शक. रामसेंनी स्वतःवर केलेला हा विनोद मला त्यांच्या इतर सगळ्या विनोदी उपकथानकांपेक्षा सरस वाटतो.

वऱ्हाडी ठेचा

तुम्ही सारे लायटिंग अन् शापाचंच बोलून राह्यले, धंद्याचं कोनी बोलतच नाही. म्हणून अमरावतीहून लिहितो.

हिंदी चित्रपट विकला जायचा इलाख्याइलाख्याने. मुंबई, दिल्ली-यूपी, निझाम, राजस्थान, तसाच आमचा सी.पी.-बेरार, म्हणजे जुना मध्य प्रांत अन् वऱ्हाड. त्याच्या वितरकांची हापिसं अमरावती अन् भुसावळ या दोन गावांत. मोठ्या नटाचा चित्रपट घ्यायचा तर वितरकाला आधीच मोठी रक्कम मोजावी लागे, पडला तर माणूस दोन वर्षं उठत नसे. रामसेंचा चित्रपट स्वस्तात मिळे. त्यात नटाचा भाव नाही, परदेशातलं गाणं नाही. थोडक्या प्रिंट काढायच्या अन् त्याच फिरवायच्या. आधी जिल्ह्याला, मग तालुक्याला, मग जत्रेत तंबू टॉकीजला. रिळांची पेटी एष्टीच्या टपावरून येई. शेवटच्या गावाला पोचेपर्यंत प्रिंटवर इतक्या रेघा पडत की पाऊस सुरू आहे का भूत येऊन राह्यलं, काही समजत नसे.

माझे मोठे काका एका वितरकाकडे कामाला होते. ते सांगत, की मोठा सिनेमा पहिला आठवडा कमावतो अन् भुताचा सिनेमा तिसऱ्या वर्षी कमावतो. दर जत्रेत तोच लावा, लोक येतातच. पोस्टर मात्र नवं करून घ्यायचं.

आता कोनी म्हणेल हा कलेचा धागा आहे. हो ना बावा. पण राक्षस सारखा का दिसतो, गाणी पाच का असतात, विनोदी नट का घुसडतात, याचं उत्तर इथंच आहे. तालुक्याच्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे दिले आहेत. त्याला राक्षस दिसला पायजे. ‘न दाखवता भीती’ वगैरे त्याला सांगायला जाल तर खुर्ची फाडून ठेवेल.

कोकणकडा

+१, वऱ्हाडी ठेचा यांचा प्रतिसाद वेगळा धागा करण्यासारखा आहे.

रामसेंच्या हवेल्यांचं एक ठिकाण आमच्याकडे आहे. मुरुडला नवाबाचा राजवाडा आहे, गावाबाहेर टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून. ‘पुरानी हवेली’ (१९८९) मध्ये तोच. त्या चित्रपटात लोखंडी चिलखताचा पुतळा चालायला लागतो. कथेचं जाऊ द्या, पण ते चिलखत जिन्यावरून खडखडत उतरतं तेव्हा आवाज बरोबर पाठीमागून आल्यासारखा वाटतो. राजवाडा खाजगी मालमत्ता आहे, रस्त्यावरून बघून घ्या. दर हिवाळ्यात कुणीतरी रील काढायला आत शिरायला बघतं आणि राखणदाराशी हुज्जत घालतं.

सातासमुद्रा

लंडनहून वाचतेय. इथे या चित्रपटांना जी इज्जत आहे ती बघून गंमत वाटते. ‘माँडो मकाब्रो’ नावाची कंपनी जगभरचे विचित्र चित्रपट शोधून, स्वच्छ करून बाजारात आणते. तिने ‘पुराना मंदिर’, ‘बंद दरवाज़ा’, ‘वीराना’, ‘तहखाना’, ‘पुरानी हवेली’ आणि ‘महाकाल’ असे सहा रामसेपट काढलेत. यूट्यूबवर ज्या फिकट, पिवळट प्रती आपण पाहतो त्यांच्याशी तुलनाच नाही. गंगू रामसेंचे निळे-हिरवे रंग पहिल्यांदा नीट दिसले आणि मला मारिओ बाव्हाची आठवण झाली. इटलीतला हा दिग्दर्शक मुळात छायाचित्रकार. पैसे नसले की रंगीत दिवे आणि धूर यांवर वेळ मारून न्यायचा. त्याचा ‘ब्लॅक संडे’ (१९६०) कृष्णधवल आहे, तरी तिथूनच सुरुवात करा. चेटकिणीच्या चेहऱ्यावर आतून खिळे असलेला मुखवटा ठोकतात तो पहिला प्रसंग कुणी विसरून दाखवावा.

शेजारच्या देशातलंही सांगते. लाहोरला १९६७ मध्ये ‘ज़िंदा लाश’ नावाचा ड्रॅक्युलापट झाला, ख्वाजा सरफराझ यांचा. त्यात प्राध्यापक अमरत्वाचं औषध शोधतो आणि स्वतःच पिशाच होतो. भाषा उर्दू, मध्येच कॅबरे, आणि ड्रॅक्युला मोटारीचा पाठलाग करतो! त्याच परंपरेला सलाम करत २००७ साली ओमर अली खान यांनी ‘ज़िबहख़ाना’ काढला. हे गृहस्थ इस्लामाबादेत आइस्क्रीमचं दुकान चालवतात आणि भयपटांची पोस्टरं जमवतात. बुरखा घालून गदा फिरवणारा खुनी तुम्ही दुसरीकडे पाहिला नसेल.

पडद्यामागचा

तळघर यांच्या अटीत चपखल बसणारे दोन अमेरिकन सांगतो. नावं सर्वांना माहीत असतील, पण त्यामागचं अर्थकारण बघा.

पहिला ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८). जॉर्ज रोमेरो आणि मित्र पिट्सबर्गमध्ये जाहिराती करायचे. त्यांनीच पैसे जमवून सुमारे १,१४,००० डॉलरमध्ये हा चित्रपट केला. कृष्णधवल असल्यामुळे रक्ताऐवजी चॉकलेट सिरप चाललं. एक पडकं शेतघर, बाहेर मुडदे, आत भांडणारी माणसं. नायक डुएन जोन्स कृष्णवर्णीय आहे आणि त्याबद्दल चित्रपटात कुणी एक शब्द बोलत नाही. शेवट सांगणार नाही. १९६८ साली तो शेवट पाहून अमेरिकन प्रेक्षक घरी कसे गेले असतील हा विचार करा.

आता गंमत. आधी चित्रपटाचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होतं. वितरकाने नाव बदललं, नवी श्रेयपाटी टाकली, आणि जुन्या पाटीवरची स्वामित्वहक्काची ओळ नवीन पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली की हक्क गेला. चित्रपट जन्मतःच सार्वजनिक झाला. रोमेरोंचं नुकसान झालं ते झालंच, पण फुकट मिळतो म्हणून प्रत्येक टीव्ही वाहिनीने तो मध्यरात्री लावला, प्रत्येक कॅसेटवाल्याने काढला. तो घराघरात पोचला तो असा. आपल्याकडे व्हिडिओ पार्लरांनी आणि मग यूट्यूबने रामसेंचं हेच केलं.

दुसरा ‘द टेक्सस चेन सॉ मॅसकर’ (१९७४). नाव ऐकून लोक रक्ताच्या चिळकांड्यांची अपेक्षा करतात. प्रत्यक्षात रक्त फार थोडं दिसतं. दिग्दर्शक टोबी हूपरना तर सौम्य प्रमाणपत्र मिळेल अशी आशा होती! भीती येते ती उन्हामुळे. टेक्ससच्या उन्हाळ्यात बंद खिडक्यांच्या घरात, खऱ्या हाडांच्या आणि सडत्या मांसाच्या वासात, जेवणाच्या टेबलाचा प्रसंग सलग चोवीस तासांहून अधिक वेळ चित्रित झाला. त्या मुलीच्या डोळ्यांतला थकवा अभिनय नाही. कमाई बक्कळ झाली, पण वितरकाच्या हिशोबातून ती बनवणाऱ्यांपर्यंत फारशी पोचलीच नाही.

वऱ्हाडी ठेचा

वितरकाने पैसे नाही दिले? अरे वा, म्हणजे टेक्सस आमच्यासारखंच आहे.

स्वरा_आई

थोडं अवांतर. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन बघता येईल असं काही आहे का? ती भुताचं बघायचं म्हणून मागे लागलीय आणि इथलं काहीच दाखवण्यासारखं वाटत नाहीये.

अबोली

‘झपाटलेला’ (१९९३) अजून दाखवला नाहीत? महेश कोठारेंनी अमेरिकेतल्या बोलक्या खुनी बाहुल्याची कल्पना उचलली आणि त्यात लक्ष्मीकांत बेर्डेंना घातलं. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्येंचा. मुलं हसत हसत घाबरतात, मग आठवडाभर घरातल्या बाहुल्या कपाटात कोंबून ठेवतात. रामसेंचे बहुतेक चित्रपट प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्राचे आहेत, ते तिच्यापासून दूरच ठेवा.

खविस

आलो. आता भांडण.

तळघर, तुमच्या अटीमुळे धागा सगळा प्रतिष्ठित लोकांचा झालाय. बाव्हा, रोमेरो, हूपर. यांच्यावर विद्यापीठात प्रबंध लिहितात. रामसेंवरही आता पुस्तकं आलीत. पण रामसेंच्या खाली जो थर आहे तो कुणी बघायचा? मोहन भाकरी: ‘खूनी महल’ (१९८७), ‘कब्रस्तान’ (१९८८). विनोद तलवार: ‘रात के अंधेरे में’ (१९८७), ‘वही भयानक रात’ (१९८९). या लोकांकडे रामसेंच्या निम्मेही पैसे नव्हते. ‘दिवसा शूटिंग, निळा फिल्टर, झाली रात्र’ या हिशोबाने केलेले चित्रपट आहेत. सावल्या भर दुपारच्या, आणि नायिका म्हणतेय किती काळोख आहे. तुम्ही हसाल. पण दहा मिनिटांनी डोळा सरावतो आणि एक वेगळंच जग दिसायला लागतं, जिथे दिवसही नाही आणि रात्रही नाही. मला ती भीती जास्त खरी वाटते.

आणि तळाशी हरिनाम सिंग यांचा ‘शैतानी ड्रॅक्युला’ (२००६). कथा शोधू नका. माणसं रानात फिरतात. सांगाड्याचं चित्र छापलेल्या काळ्या कपड्यातला सांगाडा येतो. कुणी पडतं, कुणी उठतं. तास-दीड तास हेच. मी पूर्ण पाहिला. मला तापात पडलेलं स्वप्न आठवलं.

तळघर

खविस, ‘कब्रस्तान’ आणि तलवारांचे चित्रपट अटीत बसतात, घेतले. ‘शैतानी ड्रॅक्युला’ बसत नाही. कमी पैसे असणं आणि काय दाखवायचंय हेच ठरवलेलं नसणं यांत फरक आहे. भाकरींकडे पैसे नव्हते पण चौकट होती. ताप तुम्हाला आला, त्याचं श्रेय दिग्दर्शकाला कसं देणार?

खविस

रोमेरोंच्या श्रेयपाटीतल्या चुकीचं श्रेय त्यांना देताय ना, मग?

पडद्यामागचा

त्या चुकीने चित्रपट पसरला, चांगला झाला नाही. चांगला तो आधीच होता.

शब्दवेडी

खविस ज्या थराबद्दल बोलतायत त्याची दुसरी बाजू. नव्वदच्या दशकात व्हिडिओ आणि केबलने कुटुंबं घरी बसवली. छोट्या थिएटरांकडे उरला तो सकाळच्या खेळाचा एकटा पुरुष प्रेक्षक. मग भूत कमी आणि आंघोळ जास्त झाली. सेन्सॉरला एक प्रत दाखवायची आणि थिएटरात मध्येच वेगळी रिळं जोडायची, हा उघड धंदा होता. नटीने एक प्रसंग केलेला असायचा, पडद्यावर तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याच कुणाचं तरी शरीर जोडलेलं असायचं. तिला न विचारता.

हे जग समजून घ्यायचं असेल तर दोन गोष्टी बघा. आशिम अहलुवालियांचा ‘मिस लव्हली’ (२०१२), ऐंशीच्या दशकात मुंबईत असले चित्रपट काढणाऱ्या दोन भावांची गोष्ट, नवाझुद्दीन सिद्दिकी आहे त्यात. त्यात कुणाची टिंगल नाही आणि गोडवेही नाहीत. आणि ‘सिनेमा मरते दम तक’ (२०२३) ही मालिका. जे. नीलम, विनोद तलवार, दिलीप गुलाटी, किशन शाह या चार दिग्दर्शकांना पुन्हा एकेक चित्रपट करायला दिलाय. जे. नीलम या बाई आहेत, हे पाहून मी सावरून बसले. त्या ज्या पद्धतीने सेटवर माणसं हाकतात ते बघताना माझी दोन-तीन ठाम मतं डळमळली, पण शापाबद्दलचं मत आहे तिथेच आहे.

सातासमुद्रा

शब्दवेडी, तुम्हाला ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) कसा वाटला? त्यातली कुनिकाची भूमिका तुमच्या ‘वीराना’वरच्या मुद्द्याला छेद देते असं मला वाटतं. तिला एक पुरुष हवा असतो, तो मिळत नाही, म्हणून ती स्वतःच्या पायांनी काळ्या पहाडावर, नेवला नावाच्या पिशाचाकडे जाते. अंगात कुणी शिरलेलं नसतं.

शब्दवेडी

हो, ती बरी आहे. मुळात तिच्या आईने मूल व्हावं म्हणून नेवल्याशी सौदा केलेला असतो. म्हणजे वारसाचा हट्ट आलाच परत. पण तिचा राग खोटा नाही, आणि अरुणा इराणीला इतकं मनसोक्त दुष्ट होताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. रामसेंपैकी एक वाचवायचा झाला तर मी हा वाचवीन. नेवला शवपेटीत झोपतो, वटवाघूळ होऊन उडतो आणि सगळ्या धर्मांच्या पवित्र खुणांना सारखाच घाबरतो. एवढी सर्वधर्मसमभावी भीती आता कुणी काढायला धजेल का?

कोकणकडा

ब्राझीलचा जोसे मोजिका मारिन्स कुणी पाहिलाय का? ‘कॉफिन जो’ नावाने जगभर ओळखतात. १९६४ चा ‘ॲट मिडनाइट आय विल टेक युअर सोल’. गावातला मर्तिकाचं काम करणारा, काळी टोपी, काळा झगा, हातभर नखं, देव न मानणारा आणि आपला वंश चालवायला योग्य बाई शोधत फिरणारा. दिग्दर्शक स्वतःच ती भूमिका करतो, नखंही स्वतःचीच वाढवायचा. शब्दवेडी यांना वारसाचा मुद्दा इथेही सापडेल. फरक एवढाच, की इथे वारस मागणारा तोच खलनायक आहे.

शब्दवेडी

अरे वा. हा यादीत टाकला.

मुंजोबा

वाचनमात्र होतो, आता मदत हवी. शनिवारी घरी पाच-सहा जण जमतोय. भयपटांचं वेड कुणालाच नाही. एकच चित्रपट लावता येईल. कोणता लावू?

तळघर

‘पुराना मंदिर’. दिवे बंद करा, मोबाइल बाजूला ठेवायला लावा. जगदीपचं डाकूचं उपकथानक सुरू झालं की पुढे ढकला. अर्धा तास वाचतो आणि भीती पातळ होत नाही.

पडद्यामागचा

नवख्यांना ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. दीड तासात संपतो, कायदेशीररीत्या फुकट मिळतो, आणि संपल्यावर कुणी लगेच उठत नाही.

वऱ्हाडी ठेचा

जगदीप पुढे ढकला म्हणता? ‘शोले’तल्या गब्बरची नक्कल करणारा मच्छर सिंग आहे तो! तंबूत लोक सामरीला ओरडत अन् मच्छर सिंगला शिट्ट्या मारत. भुताच्या सिनेमात माणसाला मध्ये श्वास घ्यायला जागा लागते. ढकलू नका.

अबोली

वऱ्हाडी ठेचा यांना अनुमोदन.

मुंजोबा

ठरलं, ‘पुराना मंदिर’. जगदीपसकट. त्याच्या वेळात भजी तळून घेतो. सोमवारी कळवतो कोण कोण पॅसेजचा दिवा चालू ठेवून झोपलं ते.